टिल्टरोटर मध्येच का डोलतो? जुहू ते बॉम्बे हाय सरावातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण घरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधलं आहे. पात्रं तीन. पहिला पुण्यातला एक प्रॉडक्शन इंजिनिअर; सिम त्याच्या घरी आहे आणि उडवतोही तोच. दुसरे हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. आमच्यात सगळे त्यांना काकाच म्हणतात. तिसरा मी, नोंदी ठेवायला. नावं गाळली आहेत आणि ॲड-ऑनची, म्हणजे सिममध्ये वरून जोडायच्या विमानाची, ओळखही. ते एका हौशी माणसाने फुकट वाटलेलं आहे, आणि त्याचे दोष सांगत बसायचं तर आधी त्याचे उपकार मोजावे लागतील.

ॲड-ऑन होतं एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी बनवलेलं एक्सव्ही-१५. बेल कंपनीने नासा आणि अमेरिकी लष्करासाठी बनवलेलं हे संशोधन-विमान. अशी दोनच विमानं बनली. ३ मे १९७७ रोजी ते पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं आणि २४ जुलै १९७९ रोजी हवेत हेलिकॉप्टरचं पूर्ण विमान झालं. पंखांच्या दोन टोकांना इंजिनांच्या नॅसेल (फिरवता येणारी आवरणं) आणि त्यांवर २५ फूट व्यासाचे रोटर. नॅसेल उभ्या म्हणजे ९० अंश, तेव्हा ते हेलिकॉप्टर. आडव्या म्हणजे ० अंश, तेव्हा विमान. म्हणूनच टिल्टरोटर, आणि एकातून दुसऱ्यात जाणं म्हणजे रूपांतर. व्ही-२२ ऑस्प्रे हा याच घराण्यातला पुढचा आणि बराच मोठा गडी.

ऑस्प्रे सोडून हे जुनं विमान का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. ऑस्प्रेत वैमानिकाच्या हाताच्या आणि रोटरच्या मध्ये संगणक बसलेला आहे. तो काय काय सावरून घेतो ते बाहेरच्याला नीट कळत नाही. एक्सव्ही-१५ मध्ये हेलिकॉप्टरची आणि विमानाची नियंत्रणं एकमेकांत मिसळण्याचं काम यांत्रिक जोडण्यांनी होई, आणि नासाचे त्याबद्दलचे अहवाल खुले आहेत. म्हणजे ॲड-ऑन चुकतंय असं वाटलं तर पडताळायला काहीतरी हाताशी असतं. जुळवाजुळव करायची असेल तर विमान निवडताना मी हा एकच निकष लावीन.

सरावाचा मार्ग इंजिनिअरने स्वतः आखला होता: जुहू विमानतळावरून उड्डाण आणि बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातल्या एका प्लॅटफॉर्मच्या हेलिडेकवर उतरणं. अंतर सुमारे १६० किलोमीटर. १३० नॉटने, म्हणजे तासाला सुमारे २४० किलोमीटरने, जाणाऱ्या हेलिकॉप्टरला चाळीस मिनिटं लागतात, २०० नॉटने जाणाऱ्या टिल्टरोटरला सव्वीसच्या आसपास. खरीखुरी हेलिकॉप्टरं रोज जुहूहून समुद्रातल्या कामगारांची ने-आण करतात, त्यामुळे सराव अगदीच हवेतला नव्हता. शिवाय या एका फेरीत टिल्टरोटरची सगळी परीक्षा होते: उचलणं, रूपांतर, लांब पल्ला, उलट रूपांतर आणि शेवटी जेमतेम जागेवर टेकणं.

अडचण

तक्रारी दोन होत्या, पण सांगताना तो त्यांची एकच करून सांगे: "मध्येच विमान वेडं होतं."

पहिली तक्रार डोलण्याची. नॅसेल ७५ ते ६० अंशांच्या दरम्यान असताना नाक वर-खाली व्हायला लागे आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा असे. ९० अंशांवर विमान शांत, ० अंशांवरही शांत. गडबड सगळी मधल्या पट्ट्यात.

दुसरी तक्रार उतरतानाची. वेग कमी करत नॅसेल उभ्या करायला घेतल्या की विमान आधी ३०० फूट वर उसळे. तो पॉवर कमी करी. मग थोड्या वेळाने ते असं खाली बसे की प्लॅटफॉर्मच्या पातळीखाली जाऊन समुद्र दिसायला लागे.

पहिल्याच दिवशी त्याने प्लेन मेकर (एक्स-प्लेनमधलं विमान घडवायचं साधन) उघडून विमानाच्या फाइलमधल्या कृत्रिम स्थैर्याचा आकडा दुप्पट केला. एक्स-प्लेनमध्ये हेलिकॉप्टरं आणि तत्सम विमानं सावरण्यासाठी अशी सोय असते: विमान कललं की सिम स्वतःच थोडं उलट नियंत्रण देतं. हेतू सरळ होता, डोलतंय तर जास्त सावरू. परिणाम उलटा झाला. हेलकावे वाढले आणि जलदही झाले. खरं तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच होता, पण त्या वेळी 'नाही जमलं' एवढीच नोंद झाली आणि गाडी पुढे गेली.

विमान डोलतंय की हात?

काका पहिल्यांदा स्क्रीनवर हे बघायला बसले तेव्हा त्यांनी आकड्यांत रस दाखवला नाही. "अरे, विमान डोलतंय की तू डोलवतोयस, ते आधी ठरव. स्टिक सोड."

"काका, सोडली तर पडेल."

"पडू दे ना. सिमच आहे. पडलं तर कळेल तरी."

हा पहिला खरा निर्णय. वैमानिकाच्या उशिरा आणि जास्त दिलेल्या दुरुस्तीमुळे विमान हेलकावे खाणं ही खऱ्या उड्डाणातलीही जुनी व्याधी आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती विमानाच्या दोषासारखीच दिसते. तेव्हा चाचणी अशी ठरली: नॅसेल एका कोनावर थांबवायच्या, विमान सरळ पातळीत ट्रिम करायचं (स्टिक न धरता तसंच राहील असं लावायचं), स्टिकला एक हलका टिचका द्यायचा आणि हात बाजूला. एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुटमधून नाकाचा कोन, वेग, उंची आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) फाइलमध्ये नोंदवायचे. कोन घेतले ९०, ७५, ६०, ३० आणि ०.

६० अंशांवर हात सोडूनही हेलकावे वाढत गेले. म्हणजे निदान पहिल्या तक्रारीत हात निर्दोष होता.

दुसरा धागा नोंदींमधून निघाला. तीच फाइल, तेच वजन, तोच कोन, पण जुहूवर जेवढं डोलणं होतं तेवढं भर समुद्रावर नव्हतं. खऱ्या विमानाला खाली अंधेरी आहे की अरबी समुद्र याने काही फरक पडत नाही. सिमला पडतो. मुंबईच्या इमारतींवर फ्रेम रेट २२-२५ वर येत होता, समुद्रावर त्याच्या दुप्पट. एक्स-प्लेन उड्डाणाचं गणित दर फ्रेमला करतं. सेटिंगमध्ये एका फ्रेममध्ये ते किती वेळा करायचं हेही ठरवता येतं. फ्रेम कमी म्हणजे सावरणाऱ्या यंत्रणेला विमानाची स्थिती उशिरा कळणार, आणि तिचं उलट नियंत्रणही उशिराच येणार. त्यात सावरण्याचा जोर जास्त असेल तर हेलकावा विझण्याऐवजी वाढतो. आकडा दुप्पट केल्यावर विमान आणखी का बिघडलं, ते इथे उलगडलं.

उरला प्रश्न: मग फक्त मधल्याच कोनात का?

उत्तर नियंत्रणांच्या मिसळणीत सापडलं. हेलिकॉप्टर अवस्थेत नाक वर-खाली करायला रोटरचा सायक्लिक (पात्यांचा कोन बदलून रोटरचा जोर कलवणारं नियंत्रण) वापरतात, विमान अवस्थेत शेपटीचा एलिव्हेटर (वर-खाली हलणारी फळी). एक्सव्ही-१५ मध्ये एलिव्हेटर कायम स्टिकला जोडलेला असे आणि नॅसेल जशा पुढे झुकत तसा सायक्लिकचा वाटा आपोआप कमी होत जाई. ॲड-ऑनमध्ये सायक्लिक जवळजवळ ३० अंशांपर्यंत पूर्ण जोरात राहत होता आणि मग एकदम गायब होत होता. ९० अंशांवर वेग कमी, म्हणून एलिव्हेटर निकामी. ० अंशांवर सायक्लिक नाही. पण ६० अंशांवर, १०० नॉटच्या पुढे, दोन्ही पूर्ण ताकदीने एकाच दिशेला ओढत होते. थोडक्यात स्टिक दुप्पट तिखट.

आणि एक गोष्ट अगदीच अनपेक्षित जागी निघाली. एक्स-प्लेनच्या जॉयस्टिक सेटिंगमध्ये स्थैर्य वाढवण्याचे वेगळे स्लायडर असतात. इंजिनिअरने ते कधीतरी हेलिकॉप्टर शिकताना पुढे सरकवले होते आणि विसरला होता. त्यामुळे फाइलमधली यंत्रणा वेगळी सावरत होती आणि स्लायडर वेगळा. हलता पाळणा थांबवायला दोघांनी दोन बाजूंनी एकमेकांना न विचारता हात घालावा, तसं चाललं होतं.

कोणते पर्याय होते

ॲड-ऑन सोडून दुसरं घेणं हा पर्याय सर्वात आधी बाद झाला. विकत मिळणारी ऑस्प्रे आहेत, पण दोष कुठे आहे हे न कळता पैसे घातले तर तो दोष नव्या विमानातही सोबत येण्याची शक्यता होती. स्लायडर आणि फ्रेम रेट तर आलेच असते.

कृत्रिम स्थैर्य शून्यावर आणून सगळं हाताने सांभाळायचं, हा काकांना आवडलेला पर्याय. पण खऱ्या एक्सव्ही-१५ लाही स्थैर्य वाढवणारी यंत्रणा होती. ती काढून टाकणं म्हणजे खरेपणाच्या नावाखाली विमान खऱ्याहून कठीण करणं. यावर दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी फाइलमधली मूळ किंमत परत आणायची आणि स्लायडर शून्यावर न्यायचे, यावर तडजोड झाली. माझ्या मते ती तडजोड नव्हती, बरोबर उत्तर होतं: सावरणारी यंत्रणा एकच असावी आणि ती विमानाच्या फाइलमध्ये असावी.

उतरतानाच्या उसळीवर इंजिनिअरकडे एक हुशार उपाय होता. नॅसेलचा कोन बदलला की पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी छोटी ल्युआ स्क्रिप्ट (प्रोग्रामचा तुकडा). त्याने ती अर्धी लिहिलीही होती. हा या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय-बिंदू, कारण इथे विचारायला हवं होतं की उसळी हा दोष आहे का?

नीट पाहिलं तर नाही. १४० नॉटला विमानाचं सगळं वजन पंखांवर असतं. त्याच वेळी नॅसेल उभ्या केल्या की रोटरचा जोरही वर लागतो. उचल गरजेपेक्षा जास्त होते आणि विमान वर जातं. मग रोटर पुढे ओढत नसल्याने वेग उतरतो, पंखांची उचल वेगाच्या वर्गाने घटते, आणि आपण मघाशी उसळी थांबवायला पॉवर कमी केलेली असते. तेव्हा विमान बसतं. हे टिल्टरोटरचं भौतिकशास्त्रच आहे. ते स्क्रिप्टने झाकलं तर मग टिल्टरोटर उडवण्यात उरलं काय? स्क्रिप्ट बाजूला ठेवली गेली.

दोष होता तो फक्त गतीत. ॲड-ऑनच्या नॅसेल एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाचेक सेकंदांत जात. एक्सव्ही-१५ मध्ये त्यांची पूर्ण गती सेकंदाला साधारण साडेसात अंश होती, म्हणजे ९० अंशांना बारा सेकंद. पाच सेकंदांत पंखांकडून रोटरकडे भार सोपवायचा तर कुणाचाही हात मागेच पडेल.

काय केलं

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीच हात सोडून केलेली चाचणी, हा नियम काकांनी घातला आणि पाळायलाही लावला.

आधी स्लायडर शून्यावर आणि कृत्रिम स्थैर्य मूळ किमतीवर आणलं. ६० अंशांवरचं डोलणं वाढायचं थांबलं, पण विझेना. मग एका फ्रेममधल्या गणितांची संख्या वाढवली आणि मुंबईवरच्या इमारतींचा तपशील एक पायरी खाली आणला. जुहू आणि समुद्र यांतला फरक जवळपास मिटला. फ्रेम रेट फारच घसरून २० च्या खाली गेला तर एक्स-प्लेन सिममधला काळच संथ करतं, तेव्हा त्याच्या जवळपास राहणं चाचणीसाठी निरुपयोगीच होतं.

मग प्लेन मेकरमध्ये सायक्लिकचा वाटा ९० अंशांपासून ० अंशांपर्यंत हळूहळू कमी होईल असं केलं. हा बदल निर्णायक ठरला. ६० अंशांवर टिचका दिल्यावर नाक दोन हेलकाव्यांत स्थिर व्हायला लागलं.

नॅसेल ॲड-ऑनच्याच स्क्रिप्टने हलत होत्या. तिथला वेळ बारा सेकंद केला.

उरलेलं काम हाताचं होतं. काकांनी वेगाचे टप्पे बांधून दिले. १४० नॉटला पातळी पकडून नॅसेल ३० अंशांवर; थांबा. १२० च्या आसपास ६० अंश. थांबा, उसळी जाणवली तर पॉवरला हात लावण्याआधी नाक थोडं खाली. ९० नॉटच्या आत यायच्या आधीच पॉवर परत वाढवायला सुरुवात, विमान बसायची वाट पाहायची नाही. ६० नॉटला ९० अंश. ४० नॉटच्या खाली उतरण्याचा दर मिनिटाला ८०० फुटांच्या आत.

हा शेवटचा आकडा ऑस्प्रेच्या मर्यादेतून घेतला आहे, आणि त्यामागे मोठी किंमत आहे. ८ एप्रिल २००० रोजी ॲरिझोनातल्या मराना इथे एक ऑस्प्रे कमी वेगात मिनिटाला दोन हजार फुटांहून जास्त दराने उतरत होतं. एक रोटर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडला, दुसरा नाही. विमान उलटलं आणि १९ सैनिक गेले. साधं हेलिकॉप्टर अशा भोवऱ्यात सापडलं तर मुख्यतः खाली बसतं. दोन टोकांना दोन रोटर असले की ते कुशीवर कलतं. त्यातून सुटण्याचा टिल्टरोटरचा उपाय म्हणजे नॅसेल पुढे झुकवून रोटरना स्वच्छ हवेत नेणं.

लिव्हरच्या दिशेवरही निर्णय घ्यावा लागला. एक्सव्ही-१५ मध्ये हेलिकॉप्टरसारखा वर ओढायचा लिव्हर होता. ऑस्प्रेत पुढे ढकलला की जोर वाढतो. इंजिनिअरकडे साधं थ्रॉटल आहे. हेलिकॉप्टरसाठी तो ते उलटं लावी, मागे ओढलं की कलेक्टिव्ह, म्हणजे रोटरची उचल, वर. टिल्टरोटरमध्ये मात्र पुढे ढकललं की पॉवर. विमान बसायला लागलं की घाईत हात कधी मागे जाई, कधी पुढे. त्याने सगळ्याच विमानांना 'पुढे म्हणजे जास्त' ही एकच दिशा दिली. त्यामुळे त्याची हेलिकॉप्टरं बरेच दिवस बिघडली होती. मी असतो तर हेलिकॉप्टरची सवय तशीच ठेवून फक्त एक्सव्ही-१५ उलटं केलं असतं. खऱ्या विमानाशी तेच जास्त जुळतं. पण हात त्याचा आहे.

निकाल

मधल्या पट्ट्यातलं डोलणं गेलं. उलट रूपांतरात ३०० फुटांची उसळी शंभराच्या आत आली आणि ती का येते हे कळत असल्याने ती धरून ठेवता येते. प्लॅटफॉर्मवर उतरणं आता बहुतेक वेळा होतं, वर्तुळाच्या मध्यावर नाही, पण डेकवर. आडवा वारा असेल तर अजूनही फिरून यावं लागतं, आणि फिरून येणं हा पर्याय त्याच्या डोक्यात आधीपासून असतो, हाही निकालातच धरावा.

काही गोष्टी झाल्या नाहीत. खरं एक्सव्ही-१५ हॉवरमध्ये, म्हणजे हवेत जागेवर तरंगताना, रोटर मिनिटाला ५८९ फेऱ्यांवर ठेवून विमान अवस्थेत ५१७ वर आणी; ॲड-ऑन दोन्हीकडे एकच फेरा धरून बसतं. त्याला मुद्दाम हात लावला नाही, कारण फेरे बदलले की रोटरचं सगळंच गणित बदलतं आणि आधीच्या चाचण्या निरर्थक होतात. भोवऱ्याचं वागणंही अपुरं आहे. जोरात उतरवून पाहिलं तर आमचं विमान सरळच खाली बसतं, कलत नाही. म्हणजे मरानासारख्या प्रसंगाचा सराव या ॲड-ऑनवर करू नये. चुकीची खात्री मिळेल.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी गफलत पहिल्याच दिवसाची होती, पण ती कोणत्या आकड्याची नव्हती. ॲड-ऑन एक्स-प्लेनच्या जुन्या आवृत्तीसाठी बनलेलं होतं. ते नव्या प्लेन मेकरमध्ये उघडून साठवलं की फाइल नव्या पद्धतीची होते आणि विमानाचं वागणं काहीही न बदलतासुद्धा बदलू शकतं. म्हणून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायची, मग काहीही न बदलता एकदा नुसतं साठवायचं आणि ते उडवून बघायचं. तुलना त्याच्याशी करायची. इथे ती पायरी वगळली गेली, त्यामुळे डोलण्यातला किती भाग मूळ लेखकाचा आणि किती भाग नुसत्या साठवण्याचा, हे आज सांगता येत नाही.

शोधाचा क्रमही उलटा होता. आधी विमानाची फाइल, मग जॉयस्टिकची सेटिंग, शेवटी फ्रेम रेट, असा प्रवास झाला. तो फ्रेम रेटपासून सुरू व्हायला हवा होता, कारण ते बघायला काहीच बदलावं लागत नाही. आणि बिघाड वाढवणारा बदल हा बिघाड कमी करणाऱ्या बदलाइतकाच उपयोगी असतो. दुप्पट केलेल्या आकड्याने डोलणं वाढलं तेव्हाच कोणी 'का?' विचारलं असतं तर पुढच्या अर्ध्या चाचण्या वाचल्या असत्या.

बदललेली फाइल कुणाला द्यायची नाही, हे मात्र सुरुवातीलाच ठरलं होतं. ते दुसऱ्याचं काम आहे. इंजिनिअरने फक्त बदलांची यादी आणि चाचण्यांचे आलेख मूळ लेखकाला पाठवले. त्याने सायक्लिकचा बदल घेतला. नॅसेलचा वेळ घेतला नाही. बारा सेकंद वाट बघायला लोक कंटाळतात, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यामुळे नवी आवृत्ती आली की इंजिनिअरला स्क्रिप्ट उघडून तो एक आकडा दरवेळी स्वतः बदलावा लागतो.